चाळीस टाचण्या आणि थोडी माया

त्या गल्लीत कुणी "उद्या देतो" म्हटलं की समोरचा आधी विचारतो, "कुठलं उद्या? कॅलेंडरातलं की बाईंचं?" कॅलेंडरातलं उद्या दुसऱ्या दिवशी येतं. बाईंचं उद्या कधी येईल, हे बाईंनाही सांगता यायचं नाही. म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या या शिवणकामवाल्या बाईंना अख्खी गल्ली उद्याबाई म्हणायची. तोंडावर मात्र नुसतं बाई.

हात असा, की कापडानं आपण होऊन वळावं. नजर तर विचारू नका. जिन्यात एकदा एक अनोळखी गृहस्थ भेटले, तर बाई त्यांना म्हणाल्या, "तुमचा डावा खांदा अर्धा इंच खाली आहे. पिशवी जरा उजव्या हातात धरत जा." ते गृहस्थ वीजमीटर बघायला आले होते. मीटर न बघताच गेले आणि दुसऱ्या दिवशी शर्टाचं कापड घेऊन आले. त्यांचा शर्ट पुढच्या वर्षी झाला, पण असा बसला की त्यांनी वर्षाचं दुःख मनात ठेवलं नाही.

घर दोन खोल्यांचं, शिवाय स्वयंपाकघर. खिडकीशी मशीन. बाकी घर कुठं सुरू होतं आणि कापड कुठं संपतं, हे नवख्याला कळायचं नाही. जेवायच्या टेबलावर पडदे, म्हणून जेवणं मांडीवर. पलंगाच्या एका बाजूला बाईंचे यजमान आणि दुसऱ्या बाजूला शाळेच्या नाटकाचे झगे, अशी वाटणी. गिऱ्हाइकांची मापं हाताशी येईल त्यावर लिहिलेली: विजेच्या बिलामागे, भिंतीवर, फ्रीजच्या दारावर खडूनं. 'छाती छत्तीस, कंबर तीस' हे फ्रीजचं माप आहे असं वाटून एका पाहुणीनं फ्रीजचं कौतुकही केलं होतं.

कात्री शोधणं हा तर रोजचा व्यायाम. "अहो, कात्री बघितलीत का?" या वाक्यानं त्या घरात सकाळ व्हायची. एकदा ती फ्रीजमध्ये काकडीशेजारी सापडली. टेप शोधताना बहुतेक वेळा बाईंच्या गळ्यातच असे, पण गळ्यात बघायचं कुणाला सुचतं? आणि बटणं साखरेच्या डब्यात कशी पोचली, याचा शोध अजून लागलेला नाही. मुलीचं लग्न ठरवायला व्याही आले, तेव्हा त्यांच्या चहात एक निळं बटण निघालं. माणूस मोठा सभ्य. चहा प्यायले, बटण रुमालात पुसलं, खिशात टाकलं आणि म्हणाले, "या सेटमधली उरलेली पाच असतील ना?" लग्न बटणामुळे जमलं की बटण असूनही जमलं, यावर गल्लीत दोन तट आहेत.

हे सगळं पंचवीस-तीस वर्षं बिनबोभाट चाललं होतं आणि चाललंही असतं. पण बाईंना नात झाली.

नातीचं पाळण्यातलं नाव काहीही असो, घरात ती भिंगरी. रांगायला लागल्यापासून ती एका जागी दिसलेली नाही. बाईंची मुलगी एका मोठ्या दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत कामाला. तिची रजा संपत आली होती. भिंगरी जन्मली त्याच दिवशी बाईंनी गल्लीला सांगून टाकलं होतं, की मुलगी कामावर जाईल तेव्हा पोर आजीकडे. चाळीसेक वर्षं दुसऱ्यांच्या पोरांचे फ्रॉक शिवले, आता एक पोर माझ्या मशीनशेजारी खेळेल. हे सांगताना त्यांचा आवाज असा व्हायचा, की त्यांची टर उडवायला टपलेली समोरची चष्मेवालीसुद्धा गप्प बसायची.

ही चष्मेवाली म्हणजे समोरच्या इमारतीत, तिसऱ्याच मजल्यावरच्या दुकानात चष्मे विकणारी बाई. दुकानात गिऱ्हाईक कमी आणि काचा भरपूर, त्यामुळे गल्लीत काय चाललंय ते तिला सगळ्यांत स्पष्ट दिसतं. बाईंकडे तिनं एक कोट शिवायला टाकला होता. त्या कोटाची आतापर्यंत अकरा उद्या झाली होती.

तर त्या दिवशी मुलगी आली, भिंगरीला जमिनीवर ठेवलं आणि पाणी प्यायला आत वळली. घोटभर पाणी प्यायला जेवढा वेळ लागतो तेवढाच गेला. परत आली तर भिंगरी मशीनखाली बसून दोन बोटांत काहीतरी चमकतं धरून मोठ्या कौतुकानं बघत होती. तोंडाकडे निघालेला हात मुलीनं मधेच धरला. टाचणी होती.

मुलगी ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं बाई नंतर म्हणायच्या. तिनं टाचणी टेबलावर ठेवली, पोरीला कडेवर घेतलं आणि हळूच म्हणाली, "आई, पाळणाघरात विचारून आलेय मी."

"ते कशाला? मी आहे ना."

"तू आहेस गं. तुझ्या टाचण्याही आहेत. किती आहेत तुझ्याकडे?"

"आता टाचण्या कोण मोजत बसतं?"

"तेच म्हणतेय मी."

बाईंनी टाचणी उचलली, कुठं ठेवावी ते कळेना म्हणून पदराला टोचली आणि मग मुलगी बघतेय हे ध्यानात येऊन पुन्हा काढली.

मुलगी म्हणाली, "पाळणाघरवाल्या बाईंनी जागा महिनाभर धरून ठेवलीय. महिना संपताना मी ज्या सोमवारी रुजू होणार, त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी दहा वाजता हिला घेऊन येते. हिला खाली ठेवीन आणि एक कप चहा पिईन. चहा संपेपर्यंत माझा जीव वर-खाली झाला नाही, तर ही इथेच राहील."

"आणि झाला तर?" कोपऱ्यातून बाईंच्या यजमानांनी विचारलं.

"तर पाळणाघर बसथांब्याशेजारीच आहे, बाबा."

ती गेल्यावर बाई मशीनवर बसल्या आणि खालमानेनं शिवत राहिल्या. दोन हात शिवण झाल्यावर लक्षात आलं, की सुईत दोराच नव्हता.

आता यजमानांविषयी सांगायला हवं. एकतीस वर्षं ते शाळेत शिपाई होते आणि घंटेचे टोल देत होते. मुख्याध्यापकांपासून पहिलीच्या पोरापर्यंत सगळी शाळा त्यांच्या टोलावर उठायची, बसायची, जेवायची. म्हणून गल्लीत ते टोलेसाहेब. शाळेत विजेची घंटा आली तेव्हा जुनी पितळी घंटा निरोपादाखल त्यांनाच दिली. तेव्हापासून घंटा माळ्यावर आणि टोलेसाहेब खुर्चीत, दोघंही मुकाट. बायकोचा घोळ बघून त्यांचा जीव तुटायचा, पण बोलायची सोय नव्हती. त्या दिवशी मात्र त्यांनी स्टूल घेतलं, माळ्यावरून घंटा काढली आणि चिंचेच्या पाण्यानं अशी घासली, की आरसा झक मारेल.

"अगं, सोपं आहे," ते म्हणाले. "तुझ्या दिवसाला वेळापत्रक नाही. बाराशे पोरं एका घंटेवर चालवली मी. तू तर एकटी आहेस."

त्यांनी पुठ्ठ्यावर पट्टीनं रेघा मारून वेळापत्रक केलं. चाळीस मिनिटांचा एक तास. सहा ते सहा चाळीस केरवारा, सहा चाळीस ते सात वीस स्वयंपाक, असे एकाला एक लागून अठरा तास. प्रत्येक चौकोन काठोकाठ भरलेला. बाईंनी चष्मा लावून सगळं वाचलं.

"आणि मोरीत जायचं झालं तर?"

"हात वर करायचा," टोलेसाहेब म्हणाले. ते थट्टा करत होते की नाही, हे बाईंना आजही माहीत नाही.

पहिल्या दिवशी मजा आली. घंटा झाली की केर, घंटा झाली की कपाट. चाळीस मिनिटांत घर लख्ख. कारण जे जे हाताला लागलं ते बाईंनी कपाटात कोंबलं आणि दाराला पाठ लावून ते बंद केलं. दुपारी चष्मेवाली कोटाची बाराव्यांदा चौकशी करायला आली. "वहिनी, घर केवढं मोठं वाटतंय हो," असं म्हणत तिनं कपाटाला हात लावला आणि दार उघडलं. आतले पडदे, अस्तरं, चिंध्या, रिळं सगळी मंडळी तिच्या अंगावर आली. तिला बाहेर काढायला एक अख्खा तास गेला आणि तो वेळापत्रकात नव्हता.

दुसऱ्या दिवशी शेजारचं कुणी अर्धी शिलाई उसवली म्हणून आलं, तर टोलेसाहेबांनी त्याला दारातच अडवलं, "गिऱ्हाइकांचा तास चार वाजता." तिसऱ्या दिवशी दूध उतू गेलं, ते पुसण्यात सात वीसची घंटा हुकली आणि मग दिवसभर प्रत्येक घंटा बाईंच्या मागे धावत राहिली. आठला जे व्हायचं ते नऊला, दहाचं बाराला. संध्याकाळी बाई नुसत्या घामाघूम आणि हातात काही नाही.

चौथ्या दिवशी चष्मेवालीचा कोट. मुंढ्यात, म्हणजे खांद्याच्या गोलात, बाही बसवणं हे नाजूक काम. बाई टाचण्या तोंडात धरून, बाही जरा ढिली सोडत, जरा ओढत बसवत होत्या. कानाशी घंटा वाजली.

"तास संपला."

"अहो, बाही अर्धी आहे."

"मुलांनाही असंच वाटतं. पेपर खाली ठेवायचा."

बाईंनी दात-ओठ खाऊन घाईघाईत शिवण मारली. त्याच संध्याकाळी चष्मेवालीनं कोट घातला, आरशात बघितलं, मग वळून पाठ बघितली आणि शांतपणे म्हणाली, "वहिनी, कोट छान झालाय. पण डावी बाही उजवीकडे आहे. हा घालून मला उलटं चालावं लागेल."

चाळीस वर्षांत बाईंनी उशीर अगणित केले होते, पण चूक कधी केली नव्हती. कोट उसवायला घेतला आणि त्यांचे डोळे भरून आले. "नाही जमायचं मला," त्या म्हणाल्या. "घर नीट ठेवायला गेले तर हातातली कला जातेय. पोर जाऊ दे पाळणाघरात. तिथं टाचण्या तरी नसतील."

टोलेसाहेबांना वाईट वाटलं. ते बायकोचं जमिनीवर पडलेलं रीळ उचलून द्यायला वाकले. आणि मागे पँट टर्रकन उसवली.

पँट तयार घेतलेली, नवीकोरी. बाईंच्या नवऱ्यानं दुकानातली पँट घालावी, ही गल्लीला पुरलेली आणखी एक बातमी. पण बिचारे करणार काय? त्यांचंही कापड चार वर्षं उद्यावर होतं.

"आणा इकडे," बाई डोळे पुसत म्हणाल्या. टोलेसाहेब चादर गुंडाळून बसले. बाईंनी पँट उलटी केली, शिवण बोटांनी उलगडली आणि नाक मुरडलं. "बघा. माया म्हणून ठेवली नाहीये. शिवणीच्या आत दोन बोटं जास्तीचं कापड सोडायचं असतं. तेवढं कापड वाचवायला एकाला एक चिकटवून शिवलंय. अशी पँट माणूस नुसता उभा राहील तोवर ठीक. जरा वाकला की..."

आणि त्या थांबल्या. समोर भिंतीवर वेळापत्रकाचा पुठ्ठा होता. अठरा तास, एकाला एक चिकटलेले, मधे दोराभर जागा नाही.

टोलेसाहेबांनीही तिकडं बघितलं. मग बायकोकडं. मग चादर सावरत हळूच म्हणाले, "माया नाही ठेवली."

"जरा वाकलं की उसवणारच," बाई म्हणाल्या. दूध उतू गेलं काय आणि कुणी दारात आलं काय, दिवस वाकणार. त्यांनी उठून पुठ्ठा भिंतीवरून काढला, कापायच्या टेबलावर उलटा पसरला आणि कानामागचा खडू घेतला. टेप अर्थातच गळ्यात होती.

"तू कापड बेततेस तेव्हा आधी काय करतेस?" टोलेसाहेबांनी विचारलं. चौतीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोला तिच्या कामाबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न. गल्लीत अजून हे कुणाला खरं वाटत नाही.

बाई सांगू लागल्या. आधी कापडाचा उभा धागा कुठला ते बघायचं, त्याच्याविरुद्ध जायचं नाही. मग मोठे तुकडे बसवायचे, पाठ आणि पुढा. कॉलर, खिसे, पट्ट्या असले बारके तुकडे उरलेल्या जागेत बसतात. आणि सगळीकडून माया. माया आधी सोडायची. कापड उरलं तर सोडू म्हटलं, तर ते कधीच उरत नाही.

बोलता बोलता त्या स्वतःच ऐकू लागल्या. मनासारखं कापड हातात आलं की एक चिंधी वाया न घालवता झगा बेतणारी ही बाई, तिनं आपला दिवस मात्र कधी बेतला नव्हता. रोज उठून तो नुसता फाडत आली होती.

मग त्यांनी दिवस बेतला. आपला उभा धागा कुठं आहे, हे त्यांना ठाऊकच होतं: सकाळी हात स्थिर, नजर ताजी. दुपारी जेवणानंतर पेंग. म्हणून कापणं आणि बाह्या बसवणं सकाळी, हे मोठे तुकडे. दुपारी काज-बटण, तुरपई, जे अर्ध्या झोपेतही होतं. केर, भांडी, गिऱ्हाइकं या पट्ट्या मधल्या जागांत. आणि प्रत्येक कामाच्या दोन्ही बाजूंना खडूची तुटक रेघ, माया. टोलेसाहेबांनी रेघेत बोट घालून विचारलं, "इथं काय करायचं?"

"काही नाही. काही झालं तर ते इथं होईल."

"आणि काही नाही झालं तर?"

"तर तुम्ही चहा करायचा."

शाळेच्या भाषेत हा मोकळा तास आहे, असं टोलेसाहेबांनी स्वतःला पटवलं आणि मान डोलावली. घंटेचंही ठरलं. ती वाजेल, पण आधी. संपायच्या दहा मिनिटं अगोदर एकच हलका टोल, म्हणजे हातातली बाही सुखानं संपवता येईल. तो हलका व्हावा म्हणून बाईंनी घंटेच्या लोलकाला जाड कापडाची टोपी शिवली. ही मात्र त्याच दिवशी झाली, उद्यावर गेली नाही.

घराचंही मग तसंच. कोंबणं बंद. "वस्तूला जागा नाही म्हणून ती हरवते," बाई म्हणाल्या, "आणि जागा म्हणजे खिसा. तो तर मला येतो." जुन्या पडद्याच्या तुकड्यांतून त्यांनी भिंतभर खिशांचा पडदा शिवला. प्रत्येक खिसा वस्तूचं माप घेऊन. कात्रीचा खिसा असा, की त्यात दुसरं काही मावतच नाही आणि कात्री नसली की तो पडलेल्या दाताच्या जागेसारखा दिसतो. टेपेला खिसा, खडूला खिसा, चष्म्याला खिसा. मापं एका वहीत गेली, आणि प्रत्येक मापापुढं तारीख. फ्रीजचं दार पुसलं. छत्तीस-तीसवाली व्यक्ती कोण, याचा छडा मात्र लागला नाही. आणि घोळ अगदीच नाहीसा झाला तर करमणार नाही म्हणून एका टोपलीत त्याला राहायची परवानगी मिळाली. दिवसभर काहीही टाका, संध्याकाळी ती रिकामी करायची. तिचं नावच घोळ. "घोळात बघ, तिथं असेल," असं त्या घरात अजून म्हणतात आणि वस्तू खरंच तिथं असते.

उरल्या टाचण्या. टोलेसाहेबांनी लोहचुंबक दोरीला बांधून घरभर फिरवला. फटींतून, पायपुसण्यातून, सोफ्याच्या पोटातून दोनशे तेरा टाचण्या निघाल्या. ते तीस वर्षं त्याच सोफ्यावर बसत होते. आकडा ऐकून उभे राहिले. चाळीस टाचण्या कामाला ठेवल्या, कारण वर्गात चाळीसच मुलं असावीत हे त्यांचं जुनं मत. बाकीच्या फिरकीच्या झाकणाच्या बरणीत घालून बरणी सगळ्यांत वरच्या फळीवर. आणि रोज सकाळ-संध्याकाळ हजेरी. टाचण्या खोचायच्या छोट्या गादीवर दहा-दहाच्या चार ओळींत टाचण्या उभ्या, पुढं चष्मा लावून टोलेसाहेब. "चाळीस हजर," असं ते म्हणेपर्यंत बाई खुर्चीतून उठायच्या नाहीत.

सगळं लगेच सुरळीत झालं असं नाही. एकदा गिऱ्हाईक विचारतंय आणि बाईंच्या तोंडून सवयीनं "उद्या" निघून गेलं. त्यांनी जीभ चावली, वही उघडली आणि म्हणाल्या, "नाही, गुरुवारी." तो गुरुवार चष्मेवालीच्या कोटाचाही होता. ती नेहमीसारखी टोमणा तयार ठेवून आली, "काय वहिनी, आजचं उद्या कधी?" बाईंनी घडी घातलेला कोट पुढं केला. बाह्या आपापल्या जागी. चष्मेवाली कोट घेऊन बराच वेळ जिन्यात उभी होती. इतक्या वर्षांची बातमी हातून गेल्यावर माणसानं करायचं काय?

रविवार उजाडला. टोलेसाहेबांनी पहाटेच उठून एका कागदावर वळणदार अक्षरात लिहिलं, "आज सर्व तास रद्द. दहा वाजता भिंगरी", आणि तो भिंतीवरच्या नव्या वेळापत्रकावर लावला. मग जमीन पुसली, खिडकीची काच पुसली, घंटासुद्धा पुसली. नऊ वाजता हजेरीला बसले.

"एकोणचाळीस," ते म्हणाले.

"पुन्हा मोजा."

पुन्हा मोजल्या. बाईंनी मोजल्या. एकोणचाळीस.

"काल संध्याकाळी तर चाळीस होत्या."

"होत्या. मीच मांडल्या."

चुंबक फिरला. सोफा उलटा झाला. घोळ पालथा झाला. मशीनचं खालचं झाकण उघडलं. पावणेदहा वाजले. टोलेसाहेब गुडघ्यांवर बसूनच म्हणाले, "अगं, वरच्या बरणीत एकशेत्र्याहत्तर आहेत. एक काढून गादीत खोचली तर..."

बाईंनी त्यांच्याकडं नुसतं बघितलं. टोलेसाहेब म्हणाले, "नाही, मी आपलं म्हटलं," आणि सोफा सरळ केला.

दहाला दोन मिनिटं कमी असताना बेल वाजली. दारात मुलगी, कडेवर भिंगरी. पोरीनं आजीला बघून दोन्ही हात पुढं टाकले. बाईंनी हात पुढं केले नाहीत, हे त्यांना किती जड गेलं ते त्यांनाच माहीत.

"हिला खाली ठेवू नकोस," त्या म्हणाल्या. "एक टाचणी कमी आहे."

मुलगी उंबऱ्यातच थांबली. "एक कमी म्हणजे?"

"चाळीस असतात. आज एकोणचाळीस आहेत. सगळीकडं शोधलं, सापडत नाहीये. ती सापडेपर्यंत पोरीला जमिनीवर ठेवायची नाही."

मुलगी आत आली, खुर्चीत बसली, पोरीला मांडीवर घट्ट धरलं आणि म्हणाली, "चहा कर."

आता काय उरलं होतं? बाईंनी आधण ठेवलं. साखरेच्या डब्यात साखरच होती, पण ते बघायला कुणी आलं नाही. कप मुलीच्या हातात दिला. मुलगी एकेक घोट घेत घरभर बघत होती: खिशांचा पडदा, कात्री, वही, गादीवरच्या चार ओळी आणि शेवटच्या ओळीतली ती एक रिकामी जागा. चहा संपला. तिनं कप खाली ठेवला.

"आई, आमच्या खोलीत रोज रक्ताच्या शंभर बाटल्या येतात. सगळं बरोबर आहे, सगळं बरोबर आहे, असं म्हणणारी माणसं असली की मला धडकी भरते. शंभरातली एक कमी आहे, असं दारातच येऊन सांगणारी एक बाई आहे. तिच्या पाळीला मी निवांत असते."

बाईंना नीट कळलं नाही. "म्हणजे?"

"म्हणजे मागच्या महिन्यात तुला टाचण्या किती ते माहीत नव्हतं. आज एक नाहीये ते माहीत आहे. माझा चहा संपला, आई. जीव जागेवर आहे."

टोलेसाहेब उगाचच चष्मा पुसायला लागले. बाईंनी पदर तोंडाला लावला. एवढ्या गंभीर प्रसंगात भिंगरीला मात्र कुणी विचारत नव्हतं. ती आईच्या मांडीवरून अर्धी निसटून भिंतीकडं झेपावत होती. तिथं पंख्याच्या वाऱ्यानं एक कागद फडफडत होता. मुलगी तिला सावरत उठली, कागदापाशी गेली आणि पोरीचा हात पोचायच्या आत थबकली.

"बाबा, हा कागद कशानं लावलाय?"

टोलेसाहेबांनी बघितलं. 'आज सर्व तास रद्द' या ओळीच्या डोक्यावर एक टाचणी ऐटीत उभी होती. एकतीस वर्षांत त्यांनी कधी हजेरी चुकवली नव्हती, आणि आज वर्गातलं मूल स्वतःच सूचना लावायला पाठवून विसरले होते.

"चाळीस हजर," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले.

बाई हसायला लागल्या. हसता हसता खुर्चीत बसल्या. मुलगीही हसली आणि भिंगरीला काय कळलं कोण जाणे, तीही. समोरच्या दुकानातून चष्मेवालीनं हे सगळं बघितलं, पण काचेतून आवाज येत नसल्यामुळं ते कशाला हसले हे तिला कळलं नाही. दोन दिवस तिला जेवण गेलं नाही म्हणतात.

मुलीनं भिंगरीला जमिनीवर ठेवलं. ती भिंगरी फिरावी तशी सुटली, थेट मशीनखाली, आणि तिथं काहीच सापडलं नाही म्हणून जरा नाराज होऊन आजीच्या पायाशी आली.

निघताना मुलगी दारात वळली. "पाळणाघरात नको म्हणून सांगते. मग हिला केव्हा आणू?"

"उद्या," बाई म्हणाल्या.

मुलीनं भुवई वर केली. "कुठलं?"

"साडेसातचं. आणि सव्वासातला आलीस तरी चालेल," बाई नातीच्या केसातला दोरा काढत म्हणाल्या, "माया ठेवलीय."